त्रिरश्मी डोंगरावरील दानलेख

नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. नाव पांडवांचे पडले असले तरी ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी खोदलेली असून, त्यांच्या भिंतींवर सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. देवकार्यास हातभार लावणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने ते एकदा तरी पाहावेत.

दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा शक जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने देवांना व ब्राह्मणांना १६ गावे दिली, तापी, डहाणू आदी नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि भिक्षूंसाठी हे लेणे खोदविले. हे सारे एकाच लेखात नमूद आहे. भिक्षूंच्या अन्नासाठी जे शेत दिले, ते अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून ४००० कार्षापण रोख मोजून घेतले. राजाचा जावई असूनही त्याने जमीन बळकावली नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

वस्त्रांची सोय तर हिशेबी माणसाने वाखाणावी अशी आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४०. भिक्षू २०, प्रत्येकी वस्त्रासाठी १२. हिशेब चोख! मुद्दलास हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट घालून निगमसभेत त्याची नोंदही करविली.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या क्षहरात कुळाचा उच्छेद केला. मातोश्री गौतमी बलश्री आपल्या पुत्रास ‘एकब्राह्मण’ म्हणून गौरविते, आणि तो गौरव भिक्षुसंघाला दिलेल्या तिसऱ्या लेण्यातच कोरलेला आहे. शत्रूचे राज्य गेले, पण भिक्षूंचे अन्न तुटले नाही. राज्यवर्ष १८ मध्ये सातकर्णीने, पूर्वी उषवदाताच्या वहिवाटीत असलेले कखडी गावचे २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले. त्यात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही लिहून दिल्या.

परंतु कागदावरचे दान आणि पिकणारे दान यांत अंतर असतेच. कखडी गाव ओस पडले, शेत कसले जाईना. तेव्हा वर्ष २४ मध्ये राजा व राजमाता या दोघांच्या नावे गोवर्धनच्या श्यामक नामक अमात्यास आज्ञा गेली, की नगराच्या सीमेवरील सरकारी शेतापैकी १०० निवर्तने भिक्षूंना पूर्वीच्याच सवलतींसह द्यावीत आणि त्याची नोंद करावी.