वायर काढली तरी उरतं ते गाणं

आजचा प्रश्न साधा आहे. अख्ख्या जगाला तोंडपाठ असलेलं हिट गाणं गायकानंच बदलून गायलं, तर ते आपल्याला चालतं का?

16 जानेवारी 1992, इंग्लंडमधला ब्रे स्टुडिओ. एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमासाठी एरिक क्लॅप्टन अकूस्टिक गिटार घेऊन खुर्चीत बसलाय. 1970 मध्ये त्यानं 'लैला' रेकॉर्ड केलं होतं. हो, नाव निजामीच्या लैला-मजनूवरूनच सुचलेलं! मूळ गाणं सुरू होतं इलेक्ट्रिक गिटारच्या किंकाळीनं, आणि लोक ते त्यावरूनच ओळखायचे. क्लॅप्टननं नेमकी तीच काढून टाकली. लय संथ केली, आवाज खाली आणला. आधी प्रेक्षकांना म्हणाला, बघा ओळखता येतंय का! ओळख पटली तशा टाळ्या पडल्या. तरुणपणीची आरडाओरड आता जुन्या दुखण्यासारखी ऐकू येत होती. 1993 च्या ग्रॅमीत याच रूपाला सर्वोत्तम रॉक गाण्याचा पुरस्कार मिळाला.

त्याच कार्यक्रमात नोव्हेंबर 1993 मध्ये निर्वाणा बँडनं उलटं केलं. सगळ्यात मोठं हिट वाजवलंच नाही, 14 पैकी 6 गाणी तर दुसऱ्यांची घेतली. आणि गंमत म्हणजे कर्ट कोबेनची अकूस्टिक गिटार चक्क अँप्लिफायरला जोडलेली होती. तो अँप्लिफायर कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून त्याच्यापुढे खोटा डबा ठेवला होता. म्हणजे 'अनप्लग्ड'मध्येही प्लग होताच!

आपल्याकडे 80 च्या दशकात मुंबईत 'रॉक मशीन' बँड गाजला, 1993 मध्ये त्याचं नाव 'इंडस क्रीड' झालं. त्यातलेच उदय बेनेगल आणि महेश टिनईकर पुढे 'व्हर्लिंग कलापाज' नावानं अकूस्टिक वाजवू लागले.

पण मला विचाराल तर हा प्रकार आपल्याला परका नाहीच. सकाळची बदलापूर लोकल आठवा. भजनी मंडळाचा डबा. ना माईक, ना स्पीकर. टाळ आणि उभ्या माणसांचे गळे. सिनेमातल्या हिट गाण्याची चाल उचलायची आणि तीवर विठ्ठलाचं भजन बसवायचं. अंबरनाथला चढलेला माणूस दोन ओळींत चाल ओळखतो आणि उल्हासनगर यायच्या आत कोरसमध्ये सामील होतो.

उल्हासनगरचंच घ्या. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या लष्करी छावणीत, कल्याण कॅम्पात आली. 1949 मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. घर, दुकान, जमीन सगळं मागे राहिलं, पण गाऊन-नाचून कथा सांगायची 'भगत' परंपरा सोबत आली. कारण ती गळ्यात होती, ट्रंकेत नव्हे.

म्हणून आपल्या भागातल्या पोरापोरींना मला एवढंच सांगायचंय. महागडा सेटअप नाही म्हणून गाणं अडवून ठेवू नका. आवडतं हिट घ्या, त्यातली सगळी सजावट काढा, नुसत्या गिटारवर किंवा टाळीवर गाऊन बघा. तरीही अंगावर काटा आला, तर समजा गाणं तुमच्या हाती लागलं.

हेडफोन लावा, 'लैला'ची दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. तुमचा कौल कुणाला, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!