शेफर ट्रेल

अमेरिकेच्या युटा राज्यातील कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातून (स्थापना १९६४) जाणारी कच्ची वाट. कोरड्या हवेत ही वाट सोपी मानली जाते. त्यामुळे ऑफ-रोड वाहनचालनात नवख्यांनाही ती जमण्याजोगी आहे. ‘आयलंड इन द स्काय’ या पठारावरून वालुकाश्माच्या कड्यातील नागमोडी वळणांनी ती सुमारे ४५० मी. खाली उतरते. पायथ्याशी तिला व्हाइट रिम रोड व मोॲब शहराकडे जाणारा पोटॅश रोड मिळतात.

मूळची आदिवासींची ही पाऊलवाट विसाव्या शतकाच्या आरंभी शेफर कुटुंबाने गुरे नेण्यासाठी सुधारली. १९५० च्या दशकात युरेनियमच्या खनिजाची ने-आण करणाऱ्या ट्रकांसाठी ती रुंद करण्यात आली.

वाटेत मोठे खडक वा खोल वाळू फारशी नाही. खरी कसोटी अरुंद वळणांची, कठडे नसलेल्या कडेची आणि तीव्र उताराची असते. जमिनीपासून पुरेशी उंची असलेले वाहन आवश्यक असून फोर-व्हील ड्राइव्ह असल्यास उत्तम. उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याचा संकेत आहे. पाऊस किंवा बर्फ पडल्यास ही वाट धोकादायक होते.