हिमांतला वाघ आणि आपला वाघ

वर्धा जिल्ह्यांतील आष्टी हें नांव उच्चारलें कीं १६ ऑगस्ट १९४२ चा दिवस आठवतो, आणि तें योग्यच आहे. आज मात्र त्या गांवाकडे मी एका निराळ्या कारणासाठीं आपलें लक्ष वेधणार आहें. आष्टी-कारंजाच्या रानांत वाघ वावरतो. उन्हाळ्यांत येथील पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो, साग निष्पर्ण होतो, ओढे आटतात, आणि वाघ सांपडेल त्या डोहांत दुपारभर बसून राहतो. याच जातीचा वाघ रशियाच्या अतिपूर्वेस, सिखोते-आलीन पर्वतांत, पारा शून्याखालीं तीस अंश उतरला असतांहि बर्फांतून हरणाचा व रानडुकराचा माग काढीत हिंडतो. एकाच प्राण्यानें हीं दोन टोकें कशीं साधलीं, हा प्रश्न जुना आहे. आणि त्याला वेळोवेळीं मिळालेल्या उत्तरांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

पहिलें उत्तर शिकाऱ्यांनीं व जुन्या प्राणिशास्त्रज्ञांनीं दिलें. वाघ पाण्यांत बसतो, उन्हानें धापा टाकतो, सावली सोडीत नाहीं. शिवाय लंकेंत वाघ नाहीं. तेव्हां तो मूळचा उत्तरेकडील थंड देशाचा रहिवासी असावा, लंका हिंदुस्थानापासून तुटल्यानंतर तो येथें उतरला असावा, आणि आपला उन्हाळा त्याला अद्यापि मानवला नसावा, असें अनुमान त्यांनीं काढलें. अनुमान सुबक होतें, म्हणून तें पुष्कळ वर्षें टिकलें.

दुसरें उत्तर गणिताच्या वळणाचें होतें. १८४७ सालीं कार्ल बर्गमान या जर्मन शास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, जवळच्या नात्यांतील उष्णरक्ताच्या प्राण्यांपैकीं जे थंड प्रदेशांत राहतात ते आकारानें मोठे असतात. हंड्यांतील कढत पाणी तांब्यांतल्या पाण्यापेक्षां उशिरां निवतें, हा अनुभव घरोघरचा आहे. आकार वाढला म्हणजे आंतला ऐवज जितका वाढतो, तितकी बाहेरची बाजू वाढत नाहीं. आणि उष्णता जाते ती बाहेरच्या बाजूनेंच. १८७७ सालीं जोएल ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञानें याला जोड दिली, ती अशी कीं थंड देशांतील प्राण्यांचे कान, शेपटी व पाय आंखूड असतात. सैबेरियाचा वाघ सर्वांत मोठा, ही समजूत या विचारांत चपखल बसली. परंतु २००५ सालीं जुन्या-नव्या वजनांची छाननी प्रसिद्ध झाली, तेव्हां रानांतल्या अलीकडील सैबेरियन नरांचें सरासरी वजन सुमारें १७६ किलोग्रॅम भरलें. तें आपल्याकडील नरांहून अधिक तर नव्हेच, उलट कमी ठरलें. नियम खोटा होता असें नव्हे. पण देहाचा आकार एकटी थंडी ठरवीत नाहीं. पोटाला काय मिळतें, तेंहि ठरवितें.

मग थंडीचें निवारण होतें कशानें? याचें प्रयोगसिद्ध उत्तर १९५० सालीं प्रसिद्ध झालें. पेर शोलांडर, लॉरेन्स अर्व्हिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं अलास्काच्या उत्तर टोकाला, पॉइंट बॅरो येथें, ध्रुवप्रदेशांतील प्राण्यांवर प्रयोग केले आणि पनामाच्या उष्ण अरण्यांतील प्राण्यांशीं त्यांची तुलना केली. हवा थंड होत जावी तसतसा प्राणी देहांत अधिक उष्णता निर्माण करील, ही सर्वसाधारण कल्पना. उष्णदेशीय प्राण्यांनीं तसेंच केलें. हवा वीस-पंचवीस अंशांच्या खालीं गेली कीं त्यांच्या देहांतील भट्टी भडकूं लागे. ध्रुवीय कोल्हा मात्र शून्याखालीं चाळीस अंशांपर्यंत जवळजवळ स्वस्थ राहिला. त्याची भट्टी मोठी नव्हती. घराच्या भिंती जाड होत्या. दाट केसांत अडकलेली निश्चल हवा हीच त्याची रजई. लहान प्राण्यांना एवढी जाड लोकर पेलवत नाहीं, म्हणून ते बर्फाखालीं बिळें करून राहतात.

वाघाचें रहस्यहि हेंच. हिंवाळा आला कीं उत्तरेच्या वाघाला लांब व दाट केस येतात, मानेभोंवतीं झुपके वाढतात, पोटाला चरबी सांचते. उन्हाळ्यांत तो हा जड पोषाख उतरवितो. आंतला वाघ तोच, पांघरूण निराळें.

आणि मूळ ठिकाणाचें काय? तें सुबक अनुमान येथें ढासळलें. लंकेंतील उत्खननांत वाघाचे अवशेष सांपडले असून त्यांपैकीं एकाचें वय सुमारें साडेसोळा हजार वर्षें आहे. म्हणजे वाघ तेथें होता व पुढें नाहींसा झाला. चीनमध्यें वाघाच्या पूर्वजांचे फार प्राचीन अवशेष मिळतात हें खरें. परंतु आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून २००४ सालीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, आज हयात असलेले सारे वाघ सुमारें एक लाख वर्षांमागच्या एकाच पूर्वजसमूहाचे वंशज असावेत, व ते दक्षिण चीन आणि इंडोचीन या बाजूनें पसरले असावेत. २००९ च्या संशोधनाप्रमाणें सैबेरियाच्या वाघाचे पूर्वज गेल्या दहा हजार वर्षांत गान्सूच्या वाटेनें मध्य आशियांत शिरले आणि तेथून पुढें उत्तरेस व पूर्वेस गेले. म्हणजे हिमांतला वाघ हा उबदार रानांतून निघालेल्या प्रवाशांचा वंशज आहे. पाण्यांत बसणें हें परकेपणाचें लक्षण नव्हे. आपली म्हैसहि डबक्यांत बसते; तिला सैबेरियाची कोणी म्हणत नाहीं!

इतक्या थंडीला पुरून उरलेला हा प्राणी १९४० च्या सुमारास सैबेरियांत जेमतेम तीस-चाळीस उरला होता. त्याला थंडीनें मारलें नाहीं, बंदुकीनें मारलें. १९४७ सालीं रशियानें शिकारबंदी केली, तेव्हां कोठें तो सांवरला. आपल्याकडेहि प्रश्न हवामानाचा नाहीं, वाटेचा आहे. १९७० सालीं अभयारण्य आणि २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालेलें बोर हें लहानसें जंगल. त्याचें मुख्य क्षेत्र अवघें १३८ चौरस किलोमीटरांच्या घरांतलें. तेथील तरुण वाघाला नवें रान शोधीत बाहेर पडावेंच लागतें, आणि उत्तरेकडे सातपुड्यास जाणाऱ्याला नागपूर-अमरावतीचा हमरस्ता ओलांडावा लागतो. २०१७ सालीं ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक तरुण वाघीण बोरमध्यें सोडण्यात आली. ती तेथें न राहतां शेंकडों किलोमीटर भटकली; तिच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं, गांवें भयभीत झालीं; आणि ऑक्टोबरांत, याच जिल्ह्यांत, शेताभोंवतींच्या वीजवाहक तारेला चिकटून ती मेली.

त्या शेतकऱ्यांचें भय खरें होतें आणि त्या वाघिणीची वाटहि खरी होती. जाड केस उगविण्यास निसर्गाला हजारों वर्षें मिळालीं. तार चुकविण्याची विद्या शिकण्यास तो तितका अवधि देणार नाहीं. ती वाट मोकळी ठेवणें आणि त्या वाटेवरच्या शेतकऱ्याचें पीक व जीव सुरक्षित राखणें, हीं दोन्ही कामें माणसाचींच आहेत.