मिल्फर्ड मार्ग

मिल्फर्ड मार्ग : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील पर्वतीय रस्ता, राज्य महामार्ग ९४ चा शेवटचा टप्पा. लांबी सु. १२० किमी. टे अनाउ या सरोवरकाठच्या गावातून निघून तो फ्योर्डलँड राष्ट्रीय उद्यानातून (स्थापना १९५२) मिल्फर्ड साउंड ऊर्फ पिओपिओताही या फ्योर्डला पोहोचतो. मोटारीने फ्योर्ड गाठण्याची ही एकमेव वाट. टे अनाउहून न थांबता सु. दोन तास, तर क्वीन्सटाउनहून एका बाजूने सु. चार तास लागतात. बहुतेक पर्यटक एका दिवसात जाऊन येतात. मात्र टे अनाउला मुक्काम करून निघणाऱ्यालाच वाटेत थांबायला सवड मिळते, आणि थांबल्याशिवाय हा रस्ता पाहिला असे म्हणता येत नाही.

मार्ग : सुरुवातीला एग्लिंटन नदीचे सपाट, गवताळ खोरे व दोन्ही अंगांना बीच वृक्षांची दाट वने. पुढे मिरर लेक्स, गन सरोवर व डिव्हाइड (५३२ मी.) ही दक्षिण आल्प्समधील पूर्व-पश्चिम वाटांपैकी सर्वांत कमी उंचीची खिंड. त्यानंतर हॉलिफर्डच्या वरच्या खोऱ्यात उघड्या खडकाचे कडे जवळ येत जातात, रस्ता होमर बोगद्यात शिरतो आणि पलीकडे वळणे घेत क्लेडॉ खोऱ्यात उतरतो. बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर किया हे पहाडी पोपट उतरतात व काचांभोवतीचे रबर चोचीने ओरबाडून काढतात. त्यांना खाऊ घालणे त्यांच्याच जिवावर बेतते.

होमर बोगदा : लांबी सु. १.२ किमी.; पूर्वेचे तोंड सु. ९४५ मी. उंचीवर, पश्चिमेकडे साधारण दहास एक असा उतार. विल्यम होमर याने १८८९ मध्ये येथील खिंड शोधली व तिच्याखालून बोगदा काढण्याची कल्पनाही मांडली. काम १९३५ मध्ये, मंदीच्या काळात, सरकारी योजनेतून सुरू झाले. आरंभी पाच माणसे होती. हत्यारे कुदळी व हातगाड्या, निवारा तंबूंचा. वर्षातील कित्येक महिने तेथे थेट ऊन पडत नाही. खडकाच्या भेगांतून वितळत्या बर्फाचे पाणी आत येई व उतारामुळे खणणाऱ्यांच्या पायाशीच साचे; ते उपसण्यासाठी नदीवर वीजकेंद्र उभारावे लागले. १९३६ व १९३७ मधील हिमस्खलनांत तिघांचा मृत्यू झाला. १९४० मध्ये बोगदा आरपार झाला. पण महायुद्धामुळे काम थांबले आणि १९४५ च्या हिमस्खलनाने पूर्वेच्या तोंडाचे बांधकाम उद्ध्वस्त केले. वाहतूक १९५३ मध्ये (काही नोंदींनुसार १९५४ मध्ये) सुरू झाली. आज दोन तासांत पार होणाऱ्या या रस्त्यामागे असे जवळजवळ दोन दशकांचे श्रम आहेत.

हिमस्खलन-नियंत्रण : १९८३ मध्ये रस्त्यावरील एका कामगाराचा हिमस्खलनात मृत्यू झाल्यावर नियमित यंत्रणा उभी राहिली. उंच कड्यांवरील हवामानकेंद्रे व बर्फाच्या थरांची पाहणी यांवरून धोका ठरवतात. गरज पडल्यास रस्ता बंद करून हेलिकॉप्टरमधून स्फोटके टाकतात व साचलेले बर्फ आधीच पाडून घेतात. हिवाळ्यात व वसंतात रस्ता खुला आहे की नाही याची त्याच दिवशी खात्री करावी. चाकांना लावायच्या साखळ्या जवळ ठेवाव्यात. फेब्रुवारी २०२० च्या अतिवृष्टीत ऐन उन्हाळ्यातही रस्ता ठिकठिकाणी खचला व पर्यटक अडकून पडले.

फ्योर्ड : हिमनद्यांनी कोरलेली, पुढे समुद्राने भरलेली खोल दरी, लांबी सु. १५ किमी. काठावर मायटर शिखर (सु. १,६९० मी.). बोवेन व स्टर्लिंग हे धबधबे लोंबत्या दऱ्यांमधून कोसळतात. वार्षिक पाऊस मोजणीच्या कालखंडानुसार सु. ६,४०० ते ६,८०० मिमी.; तो आंबोलीच्या तोडीचा असला, तरी चार महिन्यांत न पडता वर्षभर विभागलेला असतो. पावसात कड्यांवरून असंख्य तात्पुरते धबधबे सुटतात, म्हणून पाऊस आहे एवढ्यासाठी बेत रद्द करू नये. कड्यांवर माती नाममात्र. झाडे एकमेकांच्या मुळांना धरून उभी असतात आणि एक सुटले की खालची रांगच घसरते. वनातून येणारे टॅनीनयुक्त गोडे पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगते व प्रकाश अडवते. त्यामुळे एरवी खोल समुद्रातील काळे प्रवाळ येथे कमी खोलीवर वाढते. सागरी अभयारण्य १९९३ पासून.

इतिहास : माओरी परंपरेनुसार तू-ते-राकिव्हानोआ या देवतेने वाशीने ही किनारपट्टी कोरली. माओरी येथे हिरव्या पाषाणासाठी येत. जेम्स कुक १७७० मध्ये किनाऱ्याजवळून गेला, पण फ्योर्डचे मुख त्याच्या नजरेस पडले नाही. सध्याच्या इंग्रजी नावाचे मूळ सील-शिकारी जॉन ग्रोनो याने दिलेल्या नावात मानतात. मिल्फर्ड साउंड–पिओपिओताही या जोडनावाला १९९८ च्या न्गाइ ताहू (माओरी जमात) तडजोड कायद्याने मान्यता मिळाली. परिसर १९९० पासून जागतिक वारसास्थळात समाविष्ट.

वस्ती : अत्यल्प, मुख्यतः पर्यटनावर अवलंबून.