सर्व्हिस

परवा सकाळी कोर्टावरून परतताना नानांना त्यांच्या बँकेतले एक जुने सहकारी भेटले. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मुलगी काय करते सध्या?"

"सर्व्हिस शिकतेय," नाना म्हणाले.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सेहेचाळीस वर्षांची बाई आणि आता सर्व्हिस शिकतेय! बिचाऱ्यांना पुढे काय विचारावं ते सुचेना. शेवटी मी पाठीवरची रॅकेट दाखवली तेव्हा कुठे उलगडा झाला.

आपल्याकडे सर्व्हिस म्हणजे नोकरीच. नानांची सर्व्हिस छत्तीस वर्षं झाली. 'कुठे सर्व्हिसला आहात' हा प्रश्न आपण दिवसातून दहादा ऐकतो. पण टेनिसमधल्या सर्व्हिसचाही नोकरीशी, म्हणजे नोकराशी, संबंध असावा हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. ते कसं कळलं त्याची ही गोष्ट.

तर मंडळी, मी टेनिस शिकते आहे. लेक होस्टेलला गेली, तिची रॅकेट कपाटावर धूळ खात पडली होती, आणि डॉक्टरांनी "रोज घाम येईल असं काहीतरी करा" म्हणून सांगितलं होतं. तीन महिने झाले. फोरहँड बरा जमतो. बॅकहँडही देवाच्या कृपेने अधूनमधून पलीकडे जातो. सर्व्हिस मात्र दहातल्या तीन आत पडतात, आणि त्यातली एखादी जोरात गेली तर मलाच दचकायला होतं.

सर सांगतात ते ऐकायला फार सोपं आहे. रॅकेट कोयत्यासारखी धरा. चेंडू वर फेकू नका, माळ्यावर डबा ठेवतो तसा वर ठेवा. मग कोपर उचला आणि हात पूर्ण लांब करून वरच्या वर मारा. प्रत्यक्षात माझा डबा कधी मागे पडतो, कधी शेजारच्या कोर्टात. बाकी सगळे फटके समोरून आलेल्या चेंडूला उत्तर म्हणून असतात, त्यामुळे चुकलं तर 'चेंडू वाईट आला' म्हणायची सोय असते. सर्व्हिसमध्ये चेंडू आपलाच, वेळ आपली, चूकही आपलीच.

त्यात माझी अडचण दुहेरी. मी वाढले बॅडमिंटनवर. आमच्या वाड्याच्या अंगणात दोरी बांधून नानांनी मला खेळायला शिकवलं, हे नातेवाईक मंडळींना आठवत असेलच. बॅडमिंटनची सर्व्हिस खालून. नानांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सर्व्हिस म्हणजे समोरच्याला शटल देणं. मारामारी नंतर." ते हाताला इतकं बसलंय की टेनिस कोर्टावर चार डबल फॉल्ट झाले की माझा हात आपोआप खाली येतो आणि मी बॅडमिंटनसारखा चेंडू पलीकडे ढकलते. शेजारच्या कोर्टावरची आठ-दहा वर्षांची मुलं हसतात. सर काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणं ऐकू येतं.

एका रात्री त्या हसण्याचाच विचार करत होते. हे खालून मारणं खरंच इतकं लाजिरवाणं आहे का? म्हणून वाचायला बसले, आणि पहाटेचे दोन वाजले.

गवतावरच्या टेनिसच्या आधी कित्येक शतकं एक टेनिस होतं. भिंतींच्या आत खेळायचं. फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांचा तो लाडका खेळ, आणि लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात तो आजही खेळतात. त्या कोर्टाला बाजूने उतरतं छप्पर असतं, आणि सर्व्हिस केलेला चेंडू आधी त्या छपरावर पडून मग समोरच्याकडे घरंगळत जावा लागतो. गोष्ट अशी सांगतात की राजेसाहेब स्वतः डाव सुरू करण्याचे कष्ट घेत नसत. एक सेवक चेंडू टाकून द्यायचा, म्हणून ती 'सर्व्हिस'. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण छपराचा नियम तर समोर आहे. पुढे त्यातही खेळाडूंनी लबाड्या शोधल्या, तरी मुळात खेळ सुरू व्हावा म्हणून चेंडू देणं हेच तिचं काम.

वाचता वाचता मला अंगणातले नानाच आठवले.

मग १८७४ साली मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पेटीत घालून विकता येईल असा हिरवळीवरचा खेळ पेटंट करून घेतला. त्याचं कोर्ट मधे बारीक, वाळूच्या घड्याळासारखं. सर्व्हिस करायची ती एकाच बाजूच्या मधोमध आखलेल्या चौकटीतून, आणि गुण मिळायचे फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. आपण शाळेत बॅडमिंटन खेळायचो त्यातही असंच होतं, आठवतंय का?

१८७७ च्या जुलैत विंबल्डनला पहिली स्पर्धा झाली. बावीस जणांनी नावं दिली. त्या वेळच्या नियमांत कोर्ट आजच्यासारखंच आयताकृती, ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. पण नेट खांबांपाशी तब्बल ५ फूट उंच आणि मधे सव्वातीन फूट. सर्व्हिसची रेघ नेटपासून २६ फुटांवर. बहुतेक जण सर्व्हिस करायचे खालून, नाहीतर खांद्याच्या उंचीवरून हात फिरवून. स्पेन्सर गोर नावाचा गृहस्थ जिंकला.

आणि स्पर्धा संपल्यावर हेन्री जोन्स या पंचाने एक काम केलं जे वाचून मला फार आनंद झाला. (बँकवाल्याची मुलगी, दुसरं काय!) त्याने हिशोब मांडला. एकूण ६०१ गेम, त्यातले ३७६ सर्व्हिस करणाऱ्याने जिंकले, २२५ समोरच्याने. म्हणजे जवळजवळ ६३ टक्के. ज्या फटक्याचं काम नुसतं डाव सुरू करून देण्याचं, तोच डाव जिंकून देत होता!

मग पुढच्याच वर्षी नियम हलले. १८७८ ला सर्व्हिसची रेघ २६ फुटांवरून २२ वर आली. १८८० ला २१ वर. ती आजही तिथेच आहे. मी रोज सकाळी ज्या रेघेच्या पलीकडे चेंडू मारते, ती मुळात माझ्यासारख्यांना आवरायला पुढे ओढलेली आहे म्हणायचं.

पण माणूस कसला ऐकतो! १८७८ च्याच स्पर्धेत ए. टी. मायर्स या खेळाडूने डोक्यावरून सर्व्हिस केल्याची नोंद आहे. इकडे नेटही उतरत गेलं आणि १८८२ पर्यंत खांबांपाशी साडेतीन फूट, मधे तीन फूट असं आजचं माप ठरलं. नेट उतरल्यावर वरून मारलेला चेंडू आत पडणं सोपं झालं. रेघेने जे काढून घेतलं त्यातलं बरंचसं नेटने परत दिलं. विल्यम रेन्शॉने १८८१ ते १८८९ मध्ये सात वेळा विंबल्डन जिंकलं, त्यात वरून मारलेल्या जोरकस फटक्यांचा वाटा मोठा.

नंतर आली फिरकी. १९०० साली बॉस्टनला पहिला डेव्हिस कप झाला. ज्याच्या नावाचा तो कप, तो ड्वाइट डेव्हिस आणि त्याचा जोडीदार होलकम वॉर्ड यांनी अशी सर्व्हिस केली की चेंडू हवेत एकीकडे वळायचा आणि टप्पा पडला की दुसरीकडे उसळायचा. ब्रिटिश मंडळी चक्रावली. नेटच्या बऱ्याच वरून जाऊनही फिरकीमुळे चेंडू झपकन खाली येतो आणि २१ फुटांच्या आत पडतो. रेघ पाच फूट पुढे ओढली, त्यावरचं उत्तर वीस वर्षांनी मनगटातून आलं.

बायकांचं काय, हा प्रश्न मला पडणारच. विंबल्डनला बायकांची स्पर्धा १८८४ साली सुरू झाली. लॉटी डॉड पंधराव्या वर्षी, १८८७ ला, विजेती झाली आणि एकूण पाच वेळा जिंकली. ती सर्व्हिस करायची खालून. घोट्यापर्यंत झगा, कंबर आवळलेली, बाह्या मनगटापर्यंत. त्या कपड्यांत हात डोक्यावर पूर्ण लांब करून बघा म्हणजे कळेल. १९०५ ला मे सटन बाह्या कोपरापर्यंत दुमडून खेळली तर त्याचीही चर्चा झाली! मी टीशर्ट घालून तक्रार करते की माझा टॉस मागे पडतो. असो.

आता आपल्या पुण्याचं. विंगफील्डने पेटंट घेतलं त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८७३ च्या सुमाराला, बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम इथल्या ब्रिटिश छावणीत लिहिले गेले असं मानतात. खेळाला तेव्हा नावही 'पूना'च होतं. म्हणजे दोन्ही खेळ जवळजवळ जुळे. पण बॅडमिंटनने सर्व्हिसचा हात नियमानेच बांधून ठेवला. कंबरेखालून मारा, वर नाही. २०१८ साली त्यांनी तर जमिनीपासून १.१५ मीटरची मर्यादाच ठरवून टाकली. टेनिसने हात मोकळा सोडला आणि मग जन्मभर बाकी सगळं बदलत बसलं. आधी रेघ, मग पावलं. १९५० च्या दशकातसुद्धा चेंडू मारेपर्यंत एक पाय जमिनीला टेकलेला लागायचा. मग टायब्रेक. २०१० ला विंबल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा शेवटचा सेट ७०-६८ पर्यंत गेला. सामना तीन दिवसांत पसरलेला, ११ तास ५ मिनिटं, दोघांचे मिळून २१६ एस. कोणीच कोणाची सर्व्हिस तोडेना. शेवटी २०१९ ला विंबल्डनने पाचव्या सेटलाही १२-१२ वर टायब्रेक लावला, आणि २०२२ पासून चारही मोठ्या स्पर्धांत तो ६-६ वर होतो.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणी हलवली नाही. खालून सर्व्हिस करायला टेनिसने कधीच बंदी घातली नाही. १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये सतरा वर्षांच्या मायकेल चँगच्या पायात पेटके येत होते. समोर जगातला पहिल्या क्रमांकाचा इव्हान लेंडल. पाचव्या सेटला ४-३, १५-३० असताना चँगने खालून सर्व्हिस केली. लेंडल गडबडला, तो पॉइंट गेला, आणि पुढे सामनाही. चँगने ती स्पर्धाच जिंकली.

हे मी नानांना वाचून दाखवलं. नाना मूळचे कृष्णन बाप-लेकांचे भक्त. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ ला विंबल्डनच्या उपांत्य फेरीत गेला तेव्हा नाना शाळेत होते. मुलगा रमेश तर सर्व्हिसच्या मवाळपणाबद्दल प्रसिद्ध, आणि तरी त्याने १९८७ ला सिडनीत निर्णायक सामना जिंकून भारताला डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत नेलं. "बघ," नाना म्हणाले, "सर्व्हिसवर काही अडत नाही."

मी म्हटलं, "मग मी खालूनच करू?"

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हात वर जातोय तोवर वर कर."

दोन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ज्या हाताने अंगणात मला शटल दिलं तोच हात. ते रोज सकाळी माझ्याबरोबर येतात आणि बाकावर बसून माझे डबल फॉल्ट मोजतात. मला वाटत होतं ते फिरायला म्हणून येतात.

१८७७ च्या नियमांतली एक सोय आजही तशीच आहे. पहिली सर्व्हिस चुकली तरी पॉइंट जात नाही, दुसरी मिळते. बाकी कुठल्या फटक्याला ही मुभा नाही. माझी पहिली अजून बहुतेक वेळा बाहेरच जाते. पण आता दुसऱ्या वेळी हात आपोआप खाली येत नाही. निदान मी त्याला येऊ देत नाही. मुलं हसतात, हसू देत.

काल तास संपल्यावर कोर्ट रिकामं होतं. मी नानांना रॅकेट दिली. त्यांनी ती डाव्या हातात घेतली. उजव्या हाताने चेंडू कंबरेपाशी जेमतेम सोडला आणि डाव्याने खालून ढकलला. चेंडू नेटच्या पट्टीला घासून अलीकडे पडला. लेट. "परत," मी म्हटलं. दुसरा सावकाश वरून आला आणि बरोबर चौकटीत पडला. मी मोठ्या तयारीने पुढे धावले आणि तो नेटमध्ये मारला.

"आपला पॉइंट," नाना म्हणाले, आणि रॅकेट बाकावर ठेवून पाण्याची बाटली उघडायला लागले.

चला, उद्या सहाला कोर्ट आहे. झोपते आता.