गोळी आधी भारतात का आली?

आज कट्ट्याला मी एका गोळीचा इतिहास सांगणार आहे.

थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघेही वाहक असले, तर दर खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावंच लागतं. आपल्याकडे कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्याआधी मुंबईचं इस्पितळ गाठायचं, तर एस.टी.त रात्र काढायची.

बरं, रक्त मिळालं म्हणून सुटलो का? नाही. प्रत्येक पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात साचतं. जे रक्त मुलाला जगवतं, तेच पुढे त्याचं हृदय बंद पाडतं.

यावर औषध होतं, डेस्फेरिऑक्सामाइन. कातडीखाली सुई आणि छोटा पंप, आठ-दहा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. महागडं इतकं, की बहुतेक भारतीय घरांना ते असून नसल्यासारखं.

इंग्लंडमध्ये लोह काढणारी गोळी तयार झाली, डेफेरिप्रोन. १९८७ साली रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष आले. मुंबईत डॉ. एम. बी. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी ती तपासली आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. लोह लघवीवाटे बाहेर पडत होतं. काहींचे सांधे मात्र दुखत होते. सिप्लाने ती ‘केल्फर’ नावाने आणली. युरोपात परवानगी १९९९ साली, अमेरिकेत २०११ साली. भारत आधी!

याच गोळीवरून टोरांटोत वाद पेटला. डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांना तिच्या परिणामाबद्दल शंका आली. अॅपोटेक्स कंपनीने १९९६ साली चाचण्या थांबवल्या आणि ते रुग्णांना सांगितलं तर कायदेशीर कारवाई करू अशी धमकी दिली. पुढे तपासणीत ऑलिव्हिएरींची बाजू योग्य ठरली.

आता विचार करा. टोरांटोत प्रश्न होता, ‘गोळी पंपाइतकी चांगली आहे का?’ मुंबईत प्रश्न होता, ‘काहीच नसण्यापेक्षा चांगली आहे का?’ दोन्ही प्रश्न खरेच. पण दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, म्हणून पहिला विचारायचा नाही असं होत नाही. गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात, साधा ताप जिवावर बेततो. रक्ततपासणी नियमित हवी, आणि हे आईला तिच्या भाषेत कळायला हवं. संमतीच्या कागदावर सही मूल करत नाही, आई-वडील करतात. गरिबी ही चाचणीची गरज ठरू शकते. माहिती कमी द्यायची सबब ती कधीच ठरू शकत नाही.