गरम झाल्यावर बंद पडणारी ‘प्रिया’

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत, तर सांगलीकडे कागद भरपूर मिळतील. किर्लोस्करवाडी 1910 साली वसली, 1920 पासून तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर बनवणारी महाराष्ट्र स्कूटर्स 1975 ची. तिचे अहवाल आहेत, पण गाडी रस्त्यात बंद पडल्यावर मिस्त्री काय करायचा, हे अहवालात कुठून असणार?

म्हणून एक बिघाडच घ्या. गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू, आठ-दहा किलोमीटरवर बंद, अर्ध्या तासानं पुन्हा सुरू. मिस्त्री प्लग काढून इंजिनाला टेकवतो, किक मारून ठिणगी बघतो. मग पॉइंट, कंडेन्सर (तोही तापल्यावरच दगा देतो, लबाड!) आणि शेवटी इग्निशन कॉइल. कॉइलमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जुनं इन्सुलेशन तापलं की आतल्या आत शॉर्ट होतं. निवल्यावर मीटर सगळं ठीक दाखवतो. तपासणी करायची ती गाडी बंद पडल्याबरोबर, तिथेच.

मुलाखतीत ‘कॉइल कशी तपासता?’ एवढंच विचारलंत, तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. त्यापेक्षा जुनी प्रिया समोर ठेवा, तापवा आणि हात आधी कुठे जातो ते टिपा. प्लग आधी का? स्वस्त आणि हाताशी म्हणून. नवी कॉइल आणण्याआधी दुसऱ्या गाडीची लावून बघायचे का, हेही विचारा. सुटे भाग कितपत मिळायचे, त्याचा माग तिथून लागतो.